जुन्या बंदुकांचे दप्तर

खेडचा घाट चढून मंचरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला पेठ गावाच्या शिवारात पावसाळी बटाट्याचे वरंबे दूरवर पसरलेले दिसतात. परंतु हे पीक रात्री जागून राखावे लागते, रानडुकरांचा एक कळप शेतात शिरला तर चार महिन्यांचे कष्ट पहाटेपर्यंत उकरून टाकतो, आणि या राखणीसाठीच सातगाव पठारावरच्या, भीमाशंकराकडच्या डोंगराळ गावांतल्या व जुन्नरच्या मावळपट्ट्यातल्या काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या परवान्याची बंदूक बाळगली जात असे, हे त्या प्रवाशाला सहसा ठाऊक नसते. १९५९च्या शस्त्र कायद्यानेही ही गरज मान्य केली होती. संरक्षणासाठी अथवा शिकारीसाठी किमान २० इंच नळीची, आत आटे नसलेली बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, एवढ्यांपुरता तरी परवाना द्यावा, असे त्याच्या १३व्या कलमात म्हटले आहे. कारकुनी भाषेतल्या त्या दोन ओळींत या मुलखातल्या शेतकऱ्याचे रात्रीचे जागरण नोंदले गेले आहे, असे मला वाटते.

पुढे काळ पालटला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचा छंद संपुष्टात आणला, आणि तो निर्णय सर्वथा योग्य होता. शेकरू आणि बिबट्या यांच्या या प्रदेशात त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र शिकार थांबली तरी शिकारीची साधने नाहीशी झाली नाहीत. ती माळ्यावर, कपाटामागे, गोणपाटात गुंडाळलेली राहिली. निवडणूक आली की ठाण्यात जमा झाली, निवडणूक सरली की गंजाचा एक पापुद्रा अंगावर घेऊन परत आली. परवानाधारक आजोबा निवर्तले की वारसांपुढे प्रश्न उभा राहतो तो कागदपत्रांचा, आणि ज्याला त्या वस्तूविषयी ना गरज ना जिव्हाळा असा नातू, तहसील आणि पोलीस ठाणे यांमधील हेलपाट्यांना कंटाळून, ती एकदाची सरकारजमा करून मोकळा होतो. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, वारसाहक्काने आलेली शस्त्रेही त्याच मर्यादेत धरली, तेव्हा अशा विसर्जनाला आणखी गती मिळाली असल्यास नवल नाही.

माझा आक्षेप या कायद्याला नाही. लोकवस्तीत चालती शस्त्रे कमी असावीत हे मला पूर्णपणे मान्य आहे. आक्षेप आहे तो जुनी बंदूक केवळ शस्त्र म्हणून मोजली जाते, दस्तऐवज म्हणून ती कोणी वाचत नाही, याला.

या बाबतीत स्वीडन या दूरच्या, थंड देशाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे हुस्कवार्ना गावी १६८९मध्ये, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांची हत्या झाली त्याच वर्षी, राजाश्रयाने बंदुकांचा कारखाना उभा राहिला. पुढे त्याच कारखान्याने शिवणयंत्रे, सायकली आणि मोटारसायकलीही घडवल्या. एस्किलस्टुना येथील कार्ल गुस्ताफ कारखाना १८१२चा. १८९४मध्ये स्वीडनने साडेसहा मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले आणि जर्मन माउझर पद्धतीच्या खटक्यावर आपल्या सैन्याची रायफल बेतली. त्याच खटक्यावर हुस्कवार्नाने शेतकऱ्यांसाठी व जंगलकामगारांसाठी साध्या, बीच लाकडाच्या दस्त्याच्या शिकारी रायफली घडवल्या, आणि तेच काडतूस आजही तेथे शरद ऋतूत एल्क या महाकाय हरणाच्या शिकारीस वापरले जाते. सुमारे ३ लाख शिकाऱ्यांच्या त्या देशात शिकार हा वन्यजीव-व्यवस्थापनाचा भाग आहे, आपल्याकडे नाही. तो भेद मी पुसू इच्छीत नाही. मला मोह पडतो तो त्यांच्या नोंदी ठेवण्याच्या वृत्तीचा. सैन्याच्या स्वीडिश रायफलीच्या दस्त्यावर पितळेची एक वाटोळी चकती बसवलेली असते आणि तिच्यावरील खुणांवरून त्या विशिष्ट नळीचा व्यास किती व नळी कितपत झिजली आहे हे जाणकाराला कळते. खटक्याच्या लहानसहान भागांवरही त्या रायफलीचा क्रमांक ठोकलेला असतो. रायफल स्वतःचे दप्तर अंगावर वागवते.

महायुद्धानंतर या रायफली सैन्याला नकोशा झाल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या, आणि तेथील हौशी लोकांनी त्यांचे पुढचे लाकूड कापले, नळ्या आखूड केल्या, छाप घासून टाकले व पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत केला. आज तेथीलच संग्राहक त्या हरवलेल्या लाकडासाठी आणि जुळत्या क्रमांकांसाठी वणवण करतात. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्वीडनमधील एखाद्या खेड्यातल्या माणसाने सैन्याची रायफल विकत घेऊन आपल्या गरजेप्रमाणे तिचे लाकूड कापले असेल, तर तो फेरफार हासुद्धा इतिहासच आहे, आणि तो ‘दुरुस्त’ करून तिला पुन्हा सैनिकी रूप देणे म्हणजे त्या माणसाचे आयुष्य खोडून टाकणे होय. जीर्णोद्धार करणाऱ्याने प्रथम ठरवावे लागते ते हे, की या वस्तूच्या अंगावरील कोणती खूण अपघाताची, कोणती अज्ञानाची आणि कोणती वापराची.

आपल्याकडे हा विवेक अधिकच आवश्यक आहे. या पट्ट्यात कारखान्याच्या क्रमांकांनी सजलेल्या परदेशी रायफलीपेक्षा ठासणीची बंदूक किंवा बारा बोअरची एकनळी-दुनळी भेटण्याचा संभव कितीतरी अधिक. आणि तिच्या तडकलेल्या दस्त्यावर गावच्या लोहाराने बसवलेली पत्र्याची पट्टी, तारेचा वेढा, बाभळीच्या लाकडाचे ठिगळ, हेच तिचे खरे क्रमांक. ते काढून तेथे नवे सागवान बसवणे आणि वरून व्हार्निशचे दोन हात देणे म्हणजे फिकट झालेल्या मोडी कागदावर बॉलपेनने अक्षरे गिरवण्यासारखे आहे.

जतन करणाऱ्याचा हात संयमी हवा. सर्वांत आधी, बंदूक भरलेली नाही ना याची खातरजमा. ठासणीची जुनी बंदूक दशकानुदशके बार भरलेल्या अवस्थेत राहिलेली असू शकते, म्हणून गज नळीत घालून आतली खोली बाहेरच्या लांबीशी ताडून पाहावी लागते, आणि शंका येताच ती परवानाधारक कारागिराकडेच सोपवावी लागते. त्यानंतर गंजाचा विचार. तांबूस, भुसभुशीत गंज धातू खातो, तो हलके तेल लावून अतिशय मऊ तारेने, घाई न करता उतरवावा. परंतु वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेली गडद तपकिरी झाक ही त्या लोखंडाची त्वचा आहे, तिला काचपेपर लावू नये. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार मागे राहत आणि ते हवेतली ओल शोषून आटे कुरतडत. म्हणून त्या काळचे जाणते शिकारी बंदूक उडवल्यावर नळी आधी गरम पाण्याने धूत आणि मग तेल देत. लाकडाला जवसाचे तेल, तेही बोटाने, पातळ, अनेक दिवसांच्या अंतराने. सह्याद्रीच्या पावसात बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. दुरुस्तीला कायद्याने परवाना लागतो आणि नळी विनापरवाना आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कायद्याचे हे दोन्ही निर्बंध जतनाच्या दृष्टीनेही हितकारकच आहेत.

या प्रदेशाच्या इतिहासात बंदुकीला एक वेगळे स्थानही आहे. सावकारशाहीविरुद्ध उठलेला होन्या कोळी याच डोंगरांत वावरला आणि १८७६मध्ये पकडला गेला. दोनच वर्षांनी आलेल्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी प्रजेला परवान्याच्या जोखडात बांधले आणि गोऱ्यांना मोकळे ठेवले. ज्या समाजाकडून शस्त्र हिरावले गेले, त्याच्या हाती उरलेल्या मोजक्या ठासण्यांचे मोल संस्थानिकांच्या शिकारी दालनांतील चांदीजडित रायफलींहून कमी नाही. किंबहुना मी ते अधिक मानतो. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शिकारीची दालने आपण कौतुकाने पाहतो. शेतकऱ्याच्या बंदुकीला मात्र दालन नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्या तालुक्यांत बिबट्या उसातून अंगणात येतो आणि माणसे भयाने व क्रोधाने व्याकूळ होतात, तेथे जुन्या बंदुकांचे कौतुक करणे धोक्याचे आहे. हा आक्षेप गंभीर आहे. बिबट्याचा बंदोबस्त हे वनखात्याचे काम आहे, ते कोणाच्या आजोबांच्या दुनळीने व्हावयाचे नाही; आणि म्हणूनच मी मागतो आहे ते बंदुकीचे पुनरुज्जीवन नव्हे, तर जतन. चालते शस्त्र परवान्याखाली राहो. ज्याला ते बाळगावयाचे नसेल त्याने ते अवश्य सोडावे. पण सोडलेले शस्त्र वितळवण्यापूर्वी ते कोणा जाणकाराच्या नजरेखालून जावे.

स्वीडनच्या कायद्यात १८९०पूर्वीची आणि एकसंध काडतुसासाठी न बनवलेली शस्त्रे परवान्यातून वगळली आहेत. आपल्याकडेही २०२०च्या नियमदुरुस्तीने पुराणवस्तू या सदरात मोडणारी लहान शस्त्रे विनापरवाना बाळगण्याची मुभा दिली आहे. ती वापरण्यास वा वाहून नेण्यास परवाना लागतो, एवढेच. म्हणजे वाट कायद्याने काढून दिलेली आहे, परंतु खेड्यातल्या वारसापर्यंत तिची वार्ता पोचलेली नाही, आणि आपल्या घरची ठासणी त्या सदरात मोडते की नाही हे त्याला सांगणारा माणूसही तालुक्याच्या गावी भेटत नाही.

जिम कॉर्बेट यांना १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट मिळालेली रिग्बी रायफल आज जपलेली आहे, २०१६मध्ये ती भारतातही दाखवण्यात आली, आणि तिच्यावरील चांदीच्या पट्टीत ती कोणी, कशासाठी दिली ते कोरलेले आहे. आमच्या बंदुकांवर अशी पट्टी नाही, म्हणून ती कागदावर लिहावी लागेल. शस्त्र जमा करून घेताना ठाण्यात जो पंचनामा होतो त्यालाच एक पान जोडावे: बंदूक घरात कोणत्या पिढीत आली, कोणत्या शिवारात वापरली गेली, दुरुस्ती कोणी केली, आणि सर्व बाजूंची छायाचित्रे. हे पान जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थेकडे जावे, तिने विवक्षित मुदतीत होकार वा नकार कळवावा, आणि होकार आल्यास ती बंदूक निकामी करून, परंतु नळी न कापता व छाप न घासता, तिच्या स्वाधीन करावी. यासाठी नवा कायदा नको, गृहखात्याचे एक परिपत्रक पुरेल. आणि त्याचा आरंभ जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांपासून करावा, अशी माझी सरकारास विनंती आहे.