जमिनीचा एकाधिकार

कापूस एकाधिकार योजना १९७२ साली आली. कापूस सरकारलाच घालायचा, राज्याची सीमा ओलांडली तर आपण चोर. ती मोडायला तीस वर्षे लागली. जमिनीचा एकाधिकार मात्र अजून आहे आणि आमच्याच बैठकांत त्यावर फारसे बोलले जात नाही.

कुळकायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी. बाहेरच्याला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. हेतू मोठा पुण्याचा! पण कोरडवाहू रानाला गिऱ्हाईक उरते ते शेजारचा कोरडवाहूच. त्याच्या खिशात पैसा कुठून येणार? पोरीचे लग्न किंवा बँकेची नोटीस आली की पडेल त्या भावात खरेदीखत होते. पुढे विकास आराखड्यात त्याच गटाचा हिरवा पट्टा पिवळा होतो, ले-आउट पडतो आणि एकरावर गेलेले रान चौरस फुटावर विकले जाते. जमीन तीच, बदलला तो नकाशावरचा रंग. तो बदलणार हे ज्याला आधी कळले, तो मालामाल. (आपल्याला कळते ते प्लॉटचे दगड रोवल्यावर.)

शहरातल्या गरिबाला तरी स्वस्त घर मिळाले का? १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा त्याच्याच नावाने झाला. मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जमीन सरकार घेणार होते. हाती आली थोडी. बाकीची कोर्टकज्जात आणि सवलतींच्या फायलींत अडकली. बाजारात जमीन येईना, भाव चढले. केंद्राने तो कायदा १९९९ साली रद्द केला, महाराष्ट्राने २००७ साली. शेतीवरचा १९६१ चा सिलिंग कायदा मात्र नवव्या परिशिष्टाच्या आडोशाला सुखरूप आहे.

हा बिल्डरांचा प्रश्न म्हणून सोडता येणार नाही. रान विकणारा बाप आणि जिल्ह्याच्या गावी पत्र्याच्या खोलीचे भाडे भरणारा पोरगा एकाच घरातले आहेत. बापाने विकलेल्या रानातला एक गुंठा पोराला परवडत नाही. कित्येकांनी शंभराच्या स्टॅम्पवर गुंठे घेतले. तुकडेबंदीमुळे सातबाऱ्यावर नाव लागले नाही, म्हणून घराला कर्ज मिळाले नाही. अशा वस्त्या इतक्या वाढल्या की २००१ साली सरकारलाच गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला.

निर्बंध उठले तर शेतकरी जमिनी फुंकून टाकतील, असे म्हणतात. काही विकतीलही. नोकरदाराने फ्लॅट विकला तर त्याला शहाणपण शिकवायला कोणी जात नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने शहरालगतच्या दोन-चार खरेदीखतांच्या नकला आणाव्यात आणि त्याच रानातल्या प्लॉटचा आजचा भाव विचारून यावे. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते, मोकळी जागा वजा करून हिशेब सभेतच फळ्यावर मांडू.