पोरगं वसतिगृहात गेलं, जबाबदारी कुणाची?

दहावीचा निकाल लागला की तामलवाडी, सांगवी, सुरतगाव, काटीकडची पोरं पेट्या-गाद्या घेऊन लातूर-सोलापूरला निघतात. कुणी नीटच्या क्लासला, कुणी भरतीच्या अकॅडमीत. ऊसतोडीला जाणाऱ्यांची आणि तांड्यावरची लेकरं तर त्याच्या कितीतरी आधी, पहिली-दुसरीपासून आश्रमशाळेत. बाप फी विचारतो, निकाल विचारतो, जेवणाचं विचारतो. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही: उद्या लेकराला काही झालं तर कायद्याने उत्तर कोण देणार?

राजुऱ्याचं प्रकरण आठवतंय का? चंद्रपूर जिल्हा, २०१९. एका निवासी शाळेच्या वसतिगृहात आदिवासी समाजाच्या लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तिसरी-पाचवीतल्या मुली, तपासात संख्या निघाली १७. गुन्हा वसतिगृहाच्या लोकांवर दाखल झालाच, शिवाय तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही झाला. आरोप असा की कळूनही पोलिसांना कळवलं नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ नोव्हेंबर २०२२ ला तो निकाल फिरला. डॉक्टर दोषी आहे असं न्यायालय म्हणालं नाही. खटला चालू द्या, एवढंच म्हणालं. पण वेळेत खबर देणं ही किरकोळ बाब नाही आणि ती दिली नाही तर कायद्याचा हेतूच संपतो, हे तिथे ठामपणे सांगितलं गेलं.

म्हणजे कायदा फक्त हात लावणाऱ्याला धरत नाही, तोंड शिवून बसणाऱ्यालाही धरतो. पोक्सोचं कलम १९ म्हणतं, कळलं की कळवा. नाही कळवलं तर कलम २१ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि हाताखालच्या माणसाचं पाप झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. बदलापुरात २०२४ मध्ये शाळेच्या विश्वस्तांवर गुन्हा दाखल झाला तो याच कारणाने. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ तर मारहाण आणि जाणूनबुजून केलेली हेळसांड दोन्ही धरतं. लेकराची काळजी ज्यांच्यावर सोपवली, त्या संस्थेचा कर्मचारी किंवा चालक असेल तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड.

कागदावर एवढं सगळं आहे. मग घोडं अडतं कुठं? मृत्यूपाशी.

राज्यातल्या आश्रमशाळांमध्ये गेल्या काही दशकांत शेकड्यांनी मुलं गेली. ताप, साप, विंचू, जुलाब, पाण्यात बुडून. यावर २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे समिती नेमली गेली. बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे. तापाने फणफणलेलं पोरगं दवाखान्यात न्यायचं सोडून घरी पाठवून द्यायचं, आणि ते घरी गेलं की "शाळेत काही झालं नाही" म्हणायला मोकळं. पुढचा क्रम तुम्हाला माहीत आहे. आकस्मिक मृत्यूची नोंद, पोस्टमार्टम, अधीक्षक निलंबित, आईबापाच्या हातात मदतीचा चेक. काही महिन्यांनी अधीक्षक दुसरीकडे रुजू.

गंमत बघा. पोलीस कोठडीत किंवा न्यायालयाच्या आदेशाने कोंडलेल्या माणसाचा जीव गेला तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची आहे. आश्रमशाळेत झोपलेल्या दहा वर्षांच्या पोराचा गेला तर तशी सक्ती नाही. अनैसर्गिक मृत्यू असेल तर चौकशी करता येते, करावीच लागते असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तुरुंगातल्या मृत्यूंच्या प्रकरणात केंद्राला सांगितलं होतं की बालगृहांतल्या मुलांच्या अनैसर्गिक मृत्यूंचीही मोजदाद करा. साधी मोजदाद करायलाही सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागतं!

आणि क्लासेस-अकॅडमीची खासगी होस्टेल? ती ना शाळेत मोडतात ना बालगृहात. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या सूचनाच. एका खोलीत सहा पोरं, रात्री माणूस कुणी नाही, हे तपासायला कोण येतं?

काहीजण म्हणतील, एवढा बडगा उगारला तर चांगल्या संस्थाही बंद पडतील. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आश्रमशाळा नसत्या तर तांड्यावरच्या कितीतरी पोरांनी पाटी पाहिली नसती. पण चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे. ज्याने रात्री दोन वाजता गाडी काढून पोराला दवाखान्यात नेलं, त्याचं नाव चौकशीतूनच स्वच्छ होतं. चौकशी झालीच नाही तर चांगला आणि नालायक एकाच पंगतीला बसतात.

म्हणून मागणी साधी आहे. निवासी संस्थेतला, किंवा तिथून आजारी होऊन घरी आलेल्या मुलाचा, प्रत्येक मृत्यू दंडाधिकाऱ्यांनी ठरलेल्या मुदतीत तपासावा आणि अहवाल आईबापाला मराठीत मिळावा. त्यात फक्त अधीक्षकाचं नाव नको. संस्थाचालक आणि "सर्व ठीक" असा शेरा मारून गेलेला तपासणी अधिकारीही हवा.

तोवर आपल्या हातात काय? गावातली किती मुलं कुठे राहतात, याची यादी ग्रामसभेत करा. फी भरण्याआधी विचारा, रात्री मुक्कामाला कोण असतं, दवाखाना किती लांब आहे, पोराला घरी फोन कधी करता येतो. मुलगी सुट्टीत आली आणि परत जायला नको म्हणाली तर रागावू नका, आधी ऐका. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: गुन्हा लातूरला घडला असला तरी फिर्याद आपल्या तामलवाडी ठाण्यात देता येते. "हद्द आमची नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२.

पोरं शिकायला पाठवायचीच. पण पाठवताना पावतीवर सही कुणाची आहे, ते नीट वाचून ठेवा. पैसे घेताना जो सही करतो, त्याला जबाबदारीच्या वेळी "मला माहीत नव्हतं" म्हणू द्यायचं नाही.

पटलं तर ज्यांची लेकरं बाहेर आहेत त्यांच्यापर्यंत पोचवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.