फसलेला जॉब आणि मास्तरांची वही

परवा शनिवारी मामेभावाकडे गेलो होतो. दादा आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. (मी आयटीवाला, तो आयटीआयवाला. घरातला जुना विनोद!) त्याने सांगितलेली एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात घोळतेय.

त्याच्या बॅचमधल्या काही पोरांचा जॉब कितीही कानस मारली तरी सपाट होईना. गुण्या लावला की मध्ये फुगवटा, कडा खाली. दादा आधी ओरडला, मग पुन्हा करून दाखवलं. फरक शून्य. शेवटी एका रात्री त्याने वहीत सगळं लिहून काढलं: मी काय केलं, काय झालं, कोणाकोणाचं चुकलं. नावं लिहिताना लक्षात आलं, की चुकणारी बहुतेक पोरं बुटकी आहेत! व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा. यांना तो उंच पडत होता, म्हणून कानस डुलत होती. दुसऱ्या दिवशी पायाखाली लाकडी फळ्या टाकल्या आणि जॉब सुधारायला लागले.

यालाच पुस्तकी भाषेत रिफ्लेक्टिव्ह लर्निंग म्हणतात. डोनाल्ड शॉन यांचं ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ १९८३ साली आलं. काम करता करता विचार करणं आणि काम झाल्यावर मागे वळून बघणं, असे दोन भाग त्यांनी मांडले. दादाने हे पुस्तक पाहिलेलंही नाही.

आयटीआयचे शिक्षक घडवायला सीआयटीएस हा एक वर्षाचा कोर्स आहे. त्यात ट्रेडचं कौशल्य असतं, शिकवायची पद्धतही असते. माझं म्हणणं एवढंच, की फसलेल्या पाठालाही तिथे हक्काची जागा हवी. चांगला फिटर हा आपोआप चांगला मास्तर होत नाही. त्याचा हात इतका बसलेला असतो, की नवशिक्याला नेमकं कुठे अडतं हेच त्याला दिसत नाही.

पण एक धोका आहे. या वहीला मार्क ठेवले, की संपलं! इंजिनिअरिंगला आपण जर्नलं कशी ‘लिहिली’, आठवतंय ना? म्हणून मार्क नकोत. एका सहकाऱ्याने मागे बसून पाठ बघावा आणि नंतर दोघांनी चहावर मोकळेपणाने बोलावं. वेळ जाईल, मान्य. पण एकच चूक वीस वर्षं शिकवत राहण्यापेक्षा स्वस्त पडेल.

असो. मागच्या महिन्यात मी एका फ्रेशरला ‘तुझं लक्षच नाही’ म्हणून झापलं होतं. त्याला फळी हवी होती का, हे मी विचारलंच नाही. सोमवारी विचारणार आहे.