स्कार्फ बांधणाऱ्यांसाठी अँगल्ड बॉब

भगिनींनो, केस कापण्यावरून आपल्या घरांत आई-लेकींची कुरबुर होतेच. ‘सहीह मुस्लिम’मध्ये नोंद आहे, की पैगंबरांच्या (स.) पवित्र पत्नी आपले केस कानांपर्यंत आखूड करत. तेव्हा मुलीने विचारले तर लगेच रागावू नका; कट नीट निवडायला मदत करा.

अँगल्ड बॉबमध्ये केस मानेवर आखूड असतात आणि पुढे हनुवटीकडे लांब होत जातात. अंबाडा नसल्याने मुळांवर ओढ पडत नाही, गुस्लनंतर केस लवकर सुकतात. अडचण होते ती पुढच्या बटांची. त्या फार आखूड झाल्या तर पिनेत बसत नाहीत, सजद्यात कपाळावर येतात. म्हणून पार्लरमध्ये फोटोबरोबर स्कार्फही न्या. बटा कानामागे घेऊन पिनेत बसतील, एवढी लांबी राखा. गोल चेहऱ्यालाही हनुवटीखाली दोन बोटे लांबी शोभते. कुरळे केस सुकल्यावर वर चढतात. ते कोरडेच कापायला सांगा.

धुतलेले केस टॉवेलने टिपा. अर्धवट सुकले की गोल ब्रशने टोके आत वळवा. ओल्या केसांवर स्कार्फ बांधू नका. घरी आल्यावर भांग दुसऱ्या बाजूला पाडा, म्हणजे दबलेले केस उठतात.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी पार्लरचा खर्च आहेच. तो नको असेल, तर पुढच्या-मागच्या लांबीत फरक कमी ठेवा. केस वाढले तरी आकार बिघडलेला दिसत नाही.