बाण सुटण्याआधी

न्यूयॉर्क राज्यात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायची, तर परवाना काढण्याआधी दोन प्रमाणपत्रे हाती असावी लागतात. एक सर्वसाधारण शिकार-शिक्षणाचे आणि दुसरे खास धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या अभ्यासक्रमाचे. ज्याने पूर्वी असा परवाना काढलेला आहे, त्याला जुना परवाना दाखवून भागते. नवख्याला मात्र वर्गात बसणे चुकत नाही. मोठ्या जनावरावर धनुष्य चालवण्याचे किमान वय १२ वर्षे, त्यामुळे या वर्गात सहावी-सातवीतली मुले आणि पन्नाशीचे गृहस्थ एकाच बाकावर दिसतात.

अमेरिकेत शिकारीचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षण सक्तीचे आहे, विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना, तर कोलोरॅडोत ही तारीख थेट १ जानेवारी १९४९ आहे. बहुतेक राज्यांत सर्वसाधारण प्रमाणपत्रावर धनुष्याचाही परवाना मिळतो. न्यूयॉर्क, माँटाना अशी मोजकी राज्ये धनुष्यासाठी वेगळा अभ्यासक्रम मागतात. मागणी वाजवी आहे. बंदूक आणि धनुष्य ही दोन निराळी हत्यारे आहेत आणि एकाचे शिक्षण दुसऱ्याला पुरत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे मराठी वाचकाला शिकारीचा सरकारी अभ्यासक्रम ही कल्पनाच चमत्कारिक वाटेल. अमेरिकेच्या ईशान्य भागात परिस्थिती वेगळी आहे. तिथले लांडगे आणि प्यूमा माणसाने कधीच संपवले. पांढऱ्या शेपटीची हरणे मात्र वाढत गेली आणि वस्त्यांत शिरली. न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांना परसातली फुलझाडे एका रात्रीत फस्त झालेली पाहायची सवय आहे. दाट वस्तीजवळ बंदूक चालवता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात मालकाच्या परवानगीशिवाय घरापासून ५०० फुटांच्या आत गोळी झाडता येत नाही. धनुष्यासाठी ही मर्यादा १५० फूट आहे. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या वेस्टचेस्टर काउंटीत तर हरणाची शिकार फक्त धनुष्यानेच करता येते. म्हणजे धनुर्धारी जिथे उभा असतो, तिथून माणसांची घरे दिसत असतात. घायाळ हरीण कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडू शकते. नवख्याला शिकवून मगच सोडावे, हे अशा ठिकाणी अधिकच पटते.

शिकार-शिक्षण सक्तीचे करणारे पहिले राज्य न्यूयॉर्कच. ते वर्ष १९४९. त्या वेळी सगळा भर बंदुकीवर होता. धनुष्याची आधुनिक शिकार तेव्हा नुकती मूळ धरत होती. तिच्या मुळाशी एक हृद्य प्रसंग आहे. 'याही' या मूळनिवासी जमातीतला शेवटचा उरलेला माणूस, इशी, १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी एकटाच बाहेर आला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि चालवायला शिकले. १९१६ मध्ये इशी गेला. पोप यांचे धनुष्याच्या शिकारीवरचे पुस्तक १९२३ मध्ये आले आणि त्यातून या विद्येचे वेड देशभर पसरले. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये धनुष्यासाठी वेगळा हंगाम दिला.

पैशाची सोय कायद्याने झाली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला. पुढे १९७० मध्ये त्यातला काही वाटा शिकार-शिक्षणासाठी खुला झाला आणि १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांवरही कर बसला. आज वर्ग चालवणारे बहुतेक शिक्षक स्वयंसेवक असतात. केंद्राच्या निधीला राज्याला आपला हिस्सा जोडावा लागतो आणि या स्वयंसेवकांनी दिलेले तास त्या हिश्श्यात धरले जातात. शनिवारची सुट्टी सोडून मुलांना हरणाचे काळीज कुठे असते हे समजावणारा माणूस असा राज्याच्या तिजोरीतही भर घालत असतो.

वर्गात येण्याआधी घरचा अभ्यास पुरा करावा लागतो, आणि तो केल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. अभ्यासाच्या पुस्तकातला एक धडा हत्यार मारते कसे, याचा. बंदुकीची गोळी प्रचंड वेगाने आदळते आणि त्या धक्क्याने आजूबाजूचे मांस, हाडे उद्ध्वस्त होतात. बाणात तो धक्का नाही. बाण कापतो. त्याच्या टोकाला असलेली पाती रक्तवाहिन्या चिरत जातात आणि रक्तस्रावाने जनावर मरते. पाते वस्तऱ्यासारखे धारदार असेल तर वाहिनी स्वच्छ कापली जाते आणि रक्त वाहत राहते. बोथट पाते तिला बाजूला सारते किंवा फाडते आणि फाटलेल्या जागी रक्त लवकर गोठते. न्यूयॉर्कच्या नियमात बाणाचे पाते किमान सात अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि निदान दोन धारांचे हवे. धनुष्याचा ताण ३५ पौंडांहून कमी चालत नाही. हे आकडे पाठ करून घेतले जातात, पण त्यामागचे कारण समजलेला विद्यार्थी पाते प्रत्येक वेळी नखावर घासून पाहतो.

बहुतेक नवखे कंपाउंड धनुष्य घेऊन येतात. मराठी वाचकाला हे धनुष्य साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांच्या हातात पाहिलेले आठवेल. दोघांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले ते याच प्रकारात. दोन्ही टोकांच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की ताण एकदम हलका होतो. ६० पौंडांचे धनुष्य ८० टक्के सूट देणारे असेल, तर नेम धरताना हातावर १२ पौंडच राहतात. स्पर्धेतले लक्ष्य ५० मीटरवर असते, अंतर आधी ठाऊक असते आणि लक्ष्य हलत नाही. रानात अंतर ठाऊक नसते, फांदी आडवी येते आणि लक्ष्याला कान असतात. म्हणून मैदानावर पटाईत असलेल्या तिरंदाजालाही हा वर्ग चुकत नाही. बाण न लावता दोरी सोडायची नाही, कार्बनचा बाण दर वेळी वाकवून तडा गेला आहे का ते पाहायचे आणि पाती झाकल्याशिवाय भाता उचलायचा नाही, या सवयी इथेच लावल्या जातात.

अभ्यासक्रमाचा गाभा मराठीत एका शब्दात सांगता येतो : जिव्हार. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे पुढच्या पायांच्या मागे छातीच्या पिंजऱ्यात असतात. बाजूने पाहिले तर ती जागा जेमतेम जेवणाच्या ताटलीएवढी, वीस-पंचवीस सेंटिमीटरची. हरीण पूर्ण आडवे उभे असेल तर बाण दोन्ही फुप्फुसांतून पार जातो. ते थोडे पाठमोरे, तिरके उभे असेल तर आणखी चांगले. अशा वेळी नेम पलीकडच्या पुढच्या पायाकडे धरायचा, म्हणजे बाण बरगड्यांच्या मागून शिरून पुढे जिव्हारात जातो. हरीण समोरासमोर असेल किंवा शिकाऱ्याकडे तिरके तोंड करून असेल तर बाण सोडायचा नाही. खांद्याचे पसरट हाड बाण अडवते, किंवा बाण एका फुप्फुसाला चाटून पोटात शिरतो. मचाणाच्या अगदी खाली आलेले हरीणही सोडून द्यायचे. वरून मारलेला बाण बहुधा एकाच फुप्फुसाला लागतो आणि एका फुप्फुसावर हरीण फार दूर जाते.

हे शिकवण्यासाठी फोमची हरणे झाडीत निरनिराळ्या कोनांत उभी करतात. विद्यार्थ्याने धनुष्य ताणायचे नसते, उभे राहून फक्त सांगायचे : सोडतो किंवा सोडत नाही, आणि का. या सरावात बहुसंख्य उत्तरे 'सोडत नाही' अशीच यायला हवीत. एक फांदी आडवी आहे, मागे दुसरे हरीण उभे आहे, टेकडीच्या माथ्यावर पलीकडचे काही दिसत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून शांतपणे 'नाही' येणे हीच या अभ्यासक्रमाची खरी कमाई आहे. बाकीचे सगळे सरावाने येते.

अंतराचा हिशोबही तितकाच कडक. २७ मीटरवर, म्हणजे ३० यार्डांवर हरीण उभे आहे असे समजा. सेकंदाला ८० मीटर वेगाने गेलेल्या बाणाला तिथे पोचायला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि हरणाच्या कानावर आधीच पडतो. हरणाला जवळजवळ पाव सेकंद मिळतो. दचकलेले हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते आणि बाण पाठीवरून निघून जातो किंवा मणक्याजवळ लागतो. अंतर वाढले की हा धोका झपाट्याने वाढतो. म्हणून प्रत्येकाने आपली मर्यादा स्वतः ठरवायची असते. ज्या अंतरावर सगळे बाण नऊ इंची कागदी ताटलीत बसतात, ते आपले अंतर. कुणासाठी ते ३५ यार्ड असते, कुणासाठी १५. रानात त्यापलीकडे जायचे नाही, हरीण कितीही देखणे असो.

बाण सुटल्यावरचे शिक्षण सर्वांत अवघड, आणि नवख्याला सर्वांत कमी ठाऊक असलेले. बाण लागला की पाठलाग करावासा वाटतो. वर्गात नेमके उलटे शिकवतात : जागच्या जागी बसा. हरीण शेवटचे कुठल्या झाडाशी दिसले ते लक्षात ठेवा, घड्याळ पाहा. जखमी हरणामागे कुणी धावले नाही तर ते थोड्याच अंतरावर आडवे होते. पाठ धरली तर ते जिवाच्या आकांताने मैलभर जाते आणि रक्ताचा माग तुटतो. जिव्हारी लागल्याची खात्री असली तरी निदान अर्धा तास थांबायचे.

मग बाण शोधायचा आणि वाचायचा. बाणावर गुलाबीसर, बुडबुड्यांचे रक्त असेल तर ते फुप्फुसांचे, हरीण जवळच असेल. गडद लाल रक्त यकृताचे, तिथे काही तास थांबायचे. हिरवट घाण आणि कुबट वास असेल तर बाण पोटात गेला आहे. अशा वेळी आठ-दहा तास, कधी रात्रभर थांबावे लागते. पोटात बाण लागलेले हरीण पाठ कमानीसारखी करून हळूहळू निघून जाते, ते पाहिलेले असेल तर अंदाज आणखी पक्का होतो.

माग काढण्याचा सराव वर्गात कृत्रिम रक्ताने होतो. शिक्षक सकाळी लवकर येऊन झाडीत लाल थेंब टाकून ठेवतात. काही पानांवर, काही गवताच्या पात्याच्या खालच्या बाजूला, काही गुडघ्याएवढ्या उंचीवर बुंध्याला पुसल्यासारखे. विद्यार्थी मागाच्या कडेने चालतो, त्यावर पाय देत नाही. प्रत्येक थेंबाशी टिश्यू पेपरचा तुकडा अडकवतो. माग तुटला की शेवटच्या तुकड्याशी उभे राहायचे आणि मागे वळून पाहायचे. पांढऱ्या तुकड्यांची रांग हरीण कोणत्या दिशेने गेले ते दाखवते. तिथून हळूहळू वाढत जाणाऱ्या फेऱ्या मारायच्या. ओल्या पानांच्या रानात, गुडघे टेकून, इवलेसे थेंब शोधताना मुलांची बडबड आपोआप बंद होते. सापडेपर्यंत शोधणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य आहे आणि परवान्याच्या शुल्कात ते माफ होत नाही.

मचाणाचा धडा थोडक्यात सांगता येतो, पण जीव जातो तो बहुधा इथेच. धनुष्याच्या शिकारीत उंचावरून पडण्याच्या दुखापती बाणाच्या दुखापतींपेक्षा जास्त होतात. पूर्ण अंगाचा हार्नेस पायाखालची जमीन सुटण्याआधी बांधायचा आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत सोडायचा नाही. शिडीवर दोन हात, दोन पाय यांपैकी तीन सदैव टेकलेले हवेत. धनुष्य खांद्यावर घेऊन चढायचे नाही. वर बसून ते दोरीने ओढून घ्यायचे, बाण भात्यातच ठेवून. हार्नेसने माणूस वाचतो, पण लटकत राहिला तर मांड्यांमधला रक्तप्रवाह अडून काही वेळातच जिवावर बेतते. म्हणून पाय टेकवून उभे राहण्यासाठी एक पट्टा सोबत असतो. तो कुठे बांधतात हे प्रत्येकाकडून करून घेतात. कोणत्या झाडावर बसणार आणि कधी परतणार, हे घरी लिहून ठेवण्याची शिस्तही याच तासात लागते.

शेवटी लेखी परीक्षा होते. तिच्यात जिव्हाराचे चित्र, रक्ताचे रंग, मचाणाची शिस्त, जमीनमालकाची परवानगी, हंगामाच्या तारखा हे सगळे येते. हातात हत्यार घेऊन विद्यार्थी कसा वागतो, तेही शिक्षक दिवसभर पाहत असतात. उत्तरे बरोबर आणि वागणे बेफिकीर असलेल्याला प्रमाणपत्र नाकारता येते. उत्तीर्ण झालेल्याचे प्रमाणपत्र जन्मभर चालते आणि इतर राज्यांतही बहुधा मान्य होते. मग परवाना, त्यावर धनुष्याचा हक्क आणि हरणाला बांधायचा टॅग मिळतो. हरीण पडले की टॅगवर तारीख आणि जागा शाईने, तिथल्या तिथे भरायची. पहिला बाण सुटण्याआधी पेनही खिशात असावे लागते.