मीठ उचलून काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी

परवा सोनाळ्यात चहाच्या टपरीवर एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, मिठाची चिमूट उचलल्यानं इंग्रज गेले काय? शाळेतल्या गोष्टी आहेत ह्या." आजूबाजूचे हसले. मी तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

मीठ म्हटलं की आपल्याला दांडीच काहून आठवते? अकोला जिल्ह्यातलं दहीहंडा इथून कितीसं लांब आहे? समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी एप्रिल १९३० मध्ये वऱ्हाडच्या माणसांनी तिथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. ब्रिजलाल बियाणींसारखे पुढारी त्या लढ्यात होते. मीठ करायचा हक्क सरकारचा, आणि कर सावकाराला जेवढा तेवढाच मजुराला. असा कायदा मोडायला बंदूक लागत नाही. सरकारनं पकडलं तर चिमूटभर मिठासाठी पकडलं म्हणून हसं होतं, नाही पकडलं तर धाक जातो. हा पेच भोळ्या माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही, लेकाहो!

पावसाळा लागला, तर १० जुलैला बापूजी अणे पुसदकडे राखीव जंगलातलं गवत कापायला निघाले. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला गवत, सरपण अन् फॉरेस्टवाला ही भानगड मी काय समजावून सांगू?

आता खरंही सांगतो. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मीठ-कर काही रद्द झाला नाही. जिथं मीठ होतं तिथल्या लोकांना घरापुरतं करायची मुभा मिळाली, एवढंच. हिशेब मांडला तर घाट्याचा सौदा. पण तोवर देशभरात साठेक हजार लोक तुरुंगात जाऊन आले होते. तुरुंगाची भीती मोडली, ती कोणत्या वहीत लिहिणार?

आणि ते खारं पाणी अजून इथंच आहे. आपल्या संग्रामपूर तालुक्यातली पूर्णाकाठची गावं, शेगाव, जळगाव जामोद, सगळा खारपाणपट्टा. किडनीचे पेशंट ज्या घरात आहेत त्यांना विचारा. आपण काय करतो? पाच जण निवेदन देतो, साहेबांसोबत फोटो काढतो, संध्याकाळी ‘प्रशासनाला दणका’ म्हणून टाकतो. दणका कोणाला बसला, देव जाणे. मीही त्यात आहे, असले फोटो मीच वर्षानुवर्षं छापत आलो.

त्या कार्यकर्त्याला तेव्हा विचारायचं राहिलं, ते आता विचारतो. भाऊ, पुढच्या निवेदनाखाली सह्या किती, आणि त्यातले किती जण एक रात्र कोठडीत काढायला तयार आहेत? तेवढी यादी आणून दे. फोटो नको, नावंच छापतो, पहिल्या पानावर.