कडक कोच आणि रागीट कोच

"आमच्या पोरांना कडक कोच हवा," असं कुणी पालक म्हणाले की मला वुडी हेज आठवतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा हेड कोच. (तिकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा, आपला नव्हे.) 28 सीझन टीम सांभाळली. शिस्तीचा भोक्ता. पोरांनी पदवी पूर्ण करावी म्हणून मागे लागायचा, हेही खरं.

29 डिसेंबर 1978. गेटर बोल सामना. शेवटच्या मिनिटांत क्लेमसनच्या खेळाडूनं पास मध्येच पकडला आणि तो नेमका हेजसमोर मैदानाबाहेर आला. 65 वर्षांच्या कोचनं त्याला ठोसा हाणला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

पण 1977 मध्येच त्यानं मिशिगनविरुद्धच्या सामन्यात एका कॅमेरामनवर हात उचलला होता. तेव्हा प्रोबेशनवर भागलं. जिंकून देतोय ना, मग चालतंय!

मला विचाराल तर पोरं कोचचं भाषण विसरतात, हरताना तो कसा वागला ते लक्षात ठेवतात. कोच कडक असावाच. पण स्वतःला आवरता येत नसेल, तर तो दुसऱ्याला काय शिस्त लावणार?

म्हणून कोच निवडताना कपाटातल्या ट्रॉफ्या मोजत बसू नका. त्याची टीम हरत असेल त्या दिवशी मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा. सगळं कळेल.